सरपणासाठी झाडं कधी तोडावीत? दिवाळीनंतर की पालगळीत?

आगरवाडी

संगमेश्वर तालुक्यातल्या घराच्या मागे वरकस (हलक्या मातीची, उताराची) जागा आहे. तिथे ऑस्ट्रेलियन बाभूळ (अकेशिया) माजली आहे, बांधावर उंदीरमारीची (ग्लिरिसिडियाची) रांग आहे आणि काजूची तीन झाडं वाळून उभी आहेत. एक जुना ऐन आणि दोन किंजळही आहेत. पावसाळ्याचे चार महिने न्हाणीची चूल आणि एक वेळचा स्वयंपाक यांचं सरपण या जागेतूनच निघावं असा विचार आहे.

गावात तीन मतं ऐकायला मिळतात. पहिलं, दिवाळीनंतर लगेच तोडा. दुसरं, पालगळ होऊ दे, झाडातलं पाणी उतरतं, मग शिमग्याच्या सुमारास तोडा. तिसरं, काहीही करा पण अमावास्येलाच तोडा, नाहीतर घुण लागतो. यातलं खरं कुठलं? आणि नेमकं किती तोडावं लागेल?

---

सह्यकडा

पालगळीतच. ऐन, किंजळ, उंदीरमारी ही सगळी पान गाळणारी झाडं. माघ-फाल्गुनात पाला झडला की फांदी हलकी होते, झाड कुठे झुकलंय ते स्पष्ट दिसतं, पाला काढत बसावं लागत नाही. जुनी माणसं उगाच सांगत नव्हती.

---

पाणलोट

सह्यकडा, झाड दिसायला सोपं जातं हे मान्य. पण "पाणी उतरतं" हे तितकंसं खरं नाही. पाला झडला म्हणून खोड रिकामं होत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात चाळीस ते पन्नास टक्के पाणी असतं, आणि ऋतूप्रमाणे होणारा फरक त्या मानाने थोडा. सरपणाला हवं वीस टक्क्यांच्या आत. म्हणजे झाड कधीही तोडा, पाणी घालवायचं काम तोडल्यानंतरच होतं. ते काम उन्हाचं आणि वाऱ्याचं.

म्हणून कोकणात उलटा हिशोब करायचा. मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी मे महिन्यात वळिवाच्या सरी येतात. म्हणजे लाकूड १५ मेपर्यंत छपराखाली गेलं पाहिजे. मनगटाएवढी फोडलेली ढलपी वाळायला कोकणच्या हवेत साडेतीन-चार महिने धरा, जड लाकूड असेल तर पाच. यावरून मागे मोजलं की डिसेंबर अखेर ही तोडायचीच नव्हे, फोडून रचायची शेवटची तारीख ठरते. शिमग्याला तोडलेलं लाकूड जुलैत चुलीत सूं सूं करत टोकातून फेस काढणार.

तोडण्याच्या तारखेपेक्षा फोडण्याची तारीख महत्त्वाची, हे पुन्हा सांगतो. नोव्हेंबरात तोडून अख्खे ओंडके मार्चपर्यंत तसेच पडू दिले तर नोव्हेंबरात तोडल्याचा काही उपयोग नाही. लाकडातलं पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून जातं, सालीतून फार कमी. तेव्हा तुकडे एक ते सव्वा फुटाचे करा आणि त्याच आठवड्यात फोडा.

---

तुराटी

आमच्याकडे सोलापूर-बीड भागात हा प्रश्नच वेगळा आहे. एप्रिलमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की फोडलेली वेडी बाभूळ सहा-आठ आठवड्यांत खणखणीत वाळते. तिथे मार्चमध्ये तोडलं तरी चालून जातं. कोकणात हवाच दमट, तेव्हा पाणलोट म्हणतात ते बरोबर.

बाभळीबद्दल एक: गावठी असो की वेडी, ओली असतानाच फोडायची. वाळल्यावर तिच्यावर कुऱ्हाड नाचते नुसती. गाठीचा भाग असेल तर पाचर आणि घण घेतल्याशिवाय नादी लागू नये.

---

रानवाट

अमावास्येबद्दल. हा नियम मूळ बांबू तोडताना सांगितला जातो, तिथून तो सरपणाला चिकटला. घुण आणि भुंगेरे लाकडातल्या पिठासाठी, म्हणजे साठवलेल्या स्टार्चसाठी येतात. त्याचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं. सरपणाला तिथीपेक्षा लवकर फोडणं आणि वाळवणं उपयोगी.

आता यातली खरी अडचण. पान गाळणाऱ्या झाडात पालगळीच्या वेळी साठा भरपूर असतो, नवी पालवी फुटली की तो संपत जातो. म्हणजे पालगळीतलं लाकूड किडीला उलट जास्त आवडतं! पण झाडाला पुन्हा फुटवा हवा असेल तर हाच साठा मुळांत शिल्लक असणं गरजेचं. सरपण आणि फुटवा यांचं वेळापत्रक इथे एकमेकांच्या आड येतं.

---

बांधावरची

रानवाट, हेच लिहायला आले होते. आगरवाडी, तुम्हाला झाड मुळासकट घालवायचंय की दर दोन-तीन वर्षांनी त्याच्याकडून सरपण घ्यायचंय, ते आधी ठरवा. प्रत्येक झाडाचं उत्तर निराळं.

अकेशिया: बुंध्यातून नीट फुटत नाही. तोडली की बहुतेक संपली. मग दिवाळीनंतर जमीन जरा सुकली की सरळ तोडा, फुटव्याची काळजी नको.

उंदीरमारी: कितीही छाटा, फुटते. दांडे सरळ येतात, धूर कमी, आच चांगली. जानेवारीत पानं झडू लागली की फुलं यायच्या आत छाटा. जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, काप तिरका आणि गुळगुळीत, साल फाटता कामा नये. फाटलेल्या सालीत पाणी मुरतं आणि बुंधा कुजतो. फुटवे आले की पहिल्या पावसाळ्यानंतर जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढा. आणि हो, तिचे ओले दांडे मातीला टेकवून रचू नका. पावसाची सर मिळाली तर सरपणालाच पालवी फुटते.

ऐन-किंजळ: हे पाडायचा विचारही करू नका, पुढे कुणीतरी कायद्याचं लिहीलच. कवळ (राबासाठी पाल्याच्या फांद्या) तोडतात तेवढीच फांदी घ्यायची. शेंडा राखायचा, वरचा तिसरा हिस्सा तसाच ठेवायचा. पाला आणि बारीक डहाळी राबाला (भाताच्या रोपांची जागा भाजायला) जाते, अंगठ्यापेक्षा जाड ते सरपणाला. एका झाडाला सलग दोन वर्षं हात लावू नये.

---

परवाना_आधी

लिहितो कायद्याचं. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४. जमीन तुमच्या मालकीची असली तरी अनुसूचित झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर, साग, हिरडा, चिंच, मोह हे सगळे त्या यादीत आहेत. अर्ज सातबाऱ्यासह परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा, पाहणी होते, झाडावर खूण होते, मग तोड. यात वेळ जातो. डिसेंबरात तोडायचं असेल तर अर्ज पावसाळा संपायच्या आत गेलेला बरा.

अकेशिया, काजू, उंदीरमारी त्या यादीत नाहीत. पण लाकूड गाडीत घालून दुसरीकडे न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचं आधी विचारून घ्या. सातबाऱ्यावर सामाईक नावं असतील तर सगळ्यांची संमती लेखी घ्या. अर्ज तिथेच अडकतात.

---

भिरभिरा

अमावास्येला तोडायचं असेल तर निदान दिवसा तोडा, रात्री कोयता कुठे बसेल सांगता येत नाही :)

---

ढोलीवाला

सह्यकड्याच्या फाल्गुनाला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. कोकणात धनेश (ककणेर) साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून ढोलीत बसतो. मादी आत, ढोलीचं तोंड लिंपलेलं, नर बाहेरून फळं भरवतोय. असं झाड तोडलं तर मादी आणि पिल्लं दोन्ही गेली. पिंगळे, तांबट, पोपट यांचीही घरटी याच काळात असतात.

म्हणून उभी तोड जानेवारीच्या आत आटपावी. आणि ढोली असलेलं जुनं झाड, वाळलेलं असलं तरी, सरपणातून वगळावं. पोकळ खोडातून सरपण तरी किती निघणार? लिंपलेली ढोली ओळखायची खूण म्हणजे उभी अरुंद फट, आणि खाली जमिनीवर पडलेल्या बिया नि विष्ठा. तोडायच्या आधी बुंध्याभोवती एक फेरी मारून वर आणि खाली दोन्हीकडे बघा.

---

सह्यकडा

ढोलीवाला, मुद्दा पटला. ढोलीचं झाड कधीच तोडू नये, यात दुमत नाही. पण छाटणीपुरतं मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे: उंदीरमारी, सुबाभूळ यांची छाटणी माघातच. त्या बारीक दांड्यांना वाळायला चार महिने लागत नाहीत. मनगटापेक्षा बारीक दांडा मार्च-एप्रिलच्या उन्हात आठ-दहा आठवड्यांत तयार होतो. मोठ्या ओंडक्याचं गणित बारीक दांड्याला लावू नका.

---

पाणलोट

हे बरोबर. माझं डिसेंबरचं गणित वीतभर जाडीच्या पुढच्या खोडांचं. बारीक छाटणी जानेवारी अखेरीस झाली तरी चालेल.

---

काजूबाग

वाळलेल्या तीन काजूंबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात तातडीचं तेच आहे. काजू उभा वाळतो तो बहुतेक वेळा रोठ्याने, म्हणजे खोड-मुळं पोखरणाऱ्या किडीने. बुंध्याजवळ जमिनीलगत डिंक आणि लाकडाचा चोथा बाहेर आलेला आहे का बघा. असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरची वाट बघू नका, आत्ताच काढा. आत अळ्या आणि कोश असतात, त्यातून भुंगेरे निघून शेजारच्या चांगल्या झाडांवर अंडी घालतात.

खोड नुसतं कापून उपयोग नाही. मोठी मुळं आणि जमिनीलगतचा बुंधा खणून काढायचा, साल सोलायची, अळ्या दिसतील त्या मारायच्या. हा भाग रचून ठेवायचा नाही, सगळ्यात आधी जाळायचा. वरच्या फांद्या फोडून सरपणाला ठेवल्या तरी चालतात, पण बागेत नाही, घराकडे आणून. काजू ओला असताना कापला तर चीक अंगाला लागतो, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला.

---

तुराटी

अगदी अशीच गोष्ट कापसाच्या पऱ्हाट्यांची. मराठवाडा-विदर्भात चुलीसाठी पऱ्हाट्यांची गंजी बांधावर रचून ठेवतात आणि त्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत पुढच्या हंगामापर्यंत बसते. शेतकऱ्याने जळण साठवलं की बोंडअळीही साठवली. डिसेंबर-जानेवारीत पीक काढून पऱ्हाट्या शेतातून हलवायच्या आणि पावसाळ्याच्या आत संपवायच्या. तुरीच्या तुराट्यांना ही अडचण नाही, त्या खुशाल ठेवा.

---

माळ्यावरची_मांजर

पांगारा आणि सावर कुणी सरपण म्हणून विकत देत असेल तर घेऊ नका. पाहुणा चहा पिऊन उठायच्या आत चूल थंड.

---

वखारवाला

किती तोडावं लागेल याचा हिशोब. न्हाणी आणि एक वेळचा स्वयंपाक मिळून रोज आठ किलो वाळलेलं लाकूड धरा. १२० दिवसांचं ९६० किलो, म्हणजे एक टन. नीट रचलं तर एका घनमीटरमध्ये जड लाकूड सुमारे ४०० किलो बसतं, तेव्हा जागा अडीच घनमीटर हवी: साडेपाच मीटर लांब, एक मीटर उंच, दीड फूट रुंद अशी चळत.

ओलं किती तोडायचं? एक टन लाकडात वाळल्यावर १८ टक्के पाणी राहिलं तर निव्वळ काष्ठ ८२० किलो. ओल्यात पाणी ४५ टक्के असेल तर तेवढ्या काष्ठासाठी जवळजवळ दीड टन तोडावं लागेल.

ज्यांना विकत घ्यायचं आहे त्यांनी हाच हिशोब लक्षात ठेवावा. वजनावर ओलं लाकूड घेतलं तर क्विंटलमागे ४५ किलो पाण्याचे पैसे देता. वाळून ते ६७ किलो भरतं.

---

पाणलोट

त्यात भर. पूर्ण कोरड्या लाकडात किलोला साधारण ४५०० किलोकॅलरी उष्णता. १८ टक्के पाण्याच्या लाकडातून किलोमागे ३५०० च्या आसपास मिळते, ४५ टक्क्यांच्या ओल्यातून २२०० च्या आसपास. पण खरं नुकसान याहून मोठं. पाण्याची वाफ करण्यात आच इतकी मंदावते की लाकडातून सुटणारे वायू पेटतच नाहीत, धूर होऊन निघून जातात. तो धूर म्हणजे न जळलेलं सरपण, आणि चुलीपाशी बसणारीच्या छातीत जाणारं विष.

---

उत्तरध्रुव

इथे कॅनडात हिवाळ्यात बर्फावरून ओंडके ओढणं सोपं जातं म्हणून तेव्हा तोडतात, वसंतात फोडून रचतात. मेपल एक उन्हाळा घेतं, ओकला दोन लागतात. एक वर्ष पुढचं सरपण आधीच रचून ठेवायची पद्धत आहे. कोकणातही हे जमलं तर तारखांचा ताणच राहणार नाही.

---

रानवाट

उत्तरध्रुव, कोकणात पाऊस आडवा येतो. उघड्यावर रचलेलं लाकूड एका पावसाळ्यात बुरशी धरतं आणि वाळवी खालून चढते. पत्र्याची चांगली शेड असेल तर जरूर. तिथेही जुलै-ऑगस्टच्या हवेत पूर्ण वाळलेलं लाकूड पुन्हा १८-२० टक्क्यांपर्यंत ओल खेचतं. म्हणून पावसाळ्यात दोन-तीन दिवसांचं सरपण चुलीशेजारी आणून ठेवावं. मात्र चुलीच्या तोंडाला टेकवून नको, ठिणगी पडते.

---

कापकोन

अकेशियाची झाडं पन्नास फूट सरळ वर जातात आणि शेंड्याला झुकलेली असतात. पाडण्याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण दरवर्षी याच ठिकाणी माणसं जखमी होतात.

काम सकाळी करा, समुद्रावरचा वारा सुटायच्या आत. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घ्या, खोली खोडाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी. मागचा काप खाचेच्या टोकापेक्षा एक-दीड इंच वर. दोन्ही काप एकमेकांना भिडवायचे नाहीत. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी सोडायची, तीच बिजागरी, झाड तिच्यावर फिरत खाली येतं. ती कापून टाकली की झाड कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. मागच्या कापात पाचर बसवत जा, नाहीतर करवत चिमटते.

फार झुकलेल्या झाडाला नुसता मागून काप दिला तर खोड मधोमध उभं चिरतं आणि बुंधा उसळून छातीवर येतो. असं झाड नवख्याने घेऊच नये. पळायची वाट पडण्याच्या दिशेच्या मागे तिरकी, आधीच झुडपं काढून मोकळी केलेली असावी. विजेची तार झाडाच्या उंचीच्या अंतरात असेल तर आधी वीज कंपनीला कळवून लाइन बंद करून घ्या.

---

बांधावरची

आणि अकेशिया पाडल्यावर लगेच फांद्या तोडू नका. पाल्यासकट दहा-पंधरा दिवस तशीच पडू द्या. पाला सुकेपर्यंत खोडातलं पाणी ओढत राहतो. हे सदाहरित झाडालाच लागू, पालगळीतल्या ऐनाला पाला कुठे आहे पाणी ओढायला!

---

सह्यकडा

बांधावरची, पंधरा दिवसांच्या पुढे मात्र नको. साल असलेल्या खोडावर शिंगवाले भुंगेरे अंडी घालतात, महिन्याभरात सालीखाली भुसा दिसू लागतो. पाला तपकिरी झाला की तुकडे, आणि लगेच फोडणं.

---

वखारवाला

रचण्याबद्दल: खाली जांभ्या चिऱ्यांची ओळ, त्यावर दोन आडवे वासे, म्हणजे जमिनीपासून नऊ इंच तरी उंच. चळतीची लांब बाजू वाऱ्याच्या समोर. साल असलेली बाजू वर. भिंतीपासून वीतभर लांब. वरून पत्रा किंवा झापं, बाजू उघड्या. प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी गुंडाळला तर आत घाम धरतो आणि लाकूड काळं पडतं.

वाळलं का ते टोकाच्या चिरांवरून ठरवू नका, टोकं लवकर चिरतात, मधला भाग ओलाच असतो. दोन-तीन ढलप्यांवर खडूने खूण करून दर आठवड्याला वजन करा. सलग दोन आठवडे वजन उतरलं नाही की समजा तयार. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर ढलपी मधून फोडून ताज्या फोडीवर सुया टोचा. यंत्र कोरड्या काष्ठाच्या हिशोबाने टक्के दाखवतं, तिथे २० ते २२ आलं तर ते आपल्या हिशोबातलं १७-१८.

---

फुरसं_बघा

चळतीत हात घालायच्या आधी काठीने ठोका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात लाकडाच्या राशीत फुरसं आणि विंचू हमखास. खालच्या थरातलं लाकूड उचलताना बोटं खाली घालायची नाहीत, आकडीने ओढा.

आणि आवार साफ करताना कण्हेर, शेर, बिब्बा यांच्या फांद्या चुकून सरपणात जाऊ देऊ नका. कण्हेरीचा धूरही विषारी, बिब्ब्याच्या धुराने तोंड सुजतं.

---

आगरवाडी

सर्वांचे मनापासून आभार. आता असं ठरवतोय: काजू या आठवड्यात, बुंध्यासकट. दहा-बारा अकेशिया दिवाळीनंतर पाडून दोन आठवडे पाल्यासकट ठेवायच्या, डिसेंबरच्या मध्यापर्यंत फोडून रचायच्या. उंदीरमारी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. ऐनाची नुसती कवळ, तीही एक वर्षाआड. रचलेलं लाकूड माळ्यावर न्यावं की पडवीत?

---

रानवाट

पडवीत. माळ्यावर घुण लागलेली एक ढलपी गेली तरी वासे आणि बांबूच्या रिपांना धोका. पडवीत नेताना प्रत्येक ढलपी आपटून बघा, पीठ गळलं तर ती बाजूला काढून त्याच दिवशी जाळा. आणि दहा-बारा अकेशिया एकदम पाडू नका. एक टनाला मध्यम जाडीची आठ पुरतील, उतारावरच्या तर यंदा ठेवाच. जमीन एकदम उघडी पडली तर पहिल्या पावसात माती धुपेल. तिथे आत्ता पावसात उंदीरमारीचे दांडे लावा, ते धरले की दोन-तीन वर्षांनी वरच्या अकेशिया काढता येतील.